भिंतीवरच्या हिरव्या गाठी

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. त्यांचं नाव लिहीत नाही. "माह्यं नाव कागदावर आलं की तलाठ्याचंच काम निघते," असं त्या म्हणतात, आणि मी लिहिलेलं त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. त्या आमच्या भिंतीपलीकडे राहतात. घरामागच्या वावरात वांगी, मेथी, सांबार लावतात (कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात) आणि बाजाराच्या दिवशी धाड गावाला नेऊन विकतात. माझ्या मुलीचं पोट बिघडलं तेव्हा मला पाणी उकळायला त्यांनी लावलं. सगळी गल्ली माझ्याकडे बघून कुजबुजायला लागली तेव्हा एक दार उघडं राहिलं, तेही त्यांचंच. आणि आयुष्यात ज्या बाईवर मी सगळ्यात जास्त संशय घेतला ती बाईही हीच.

मी रत्नागिरीकडची. शाळा सातवीनंतर सुटली. कुणी सोडायला लावली असं नाही. मोठी शाळा ओढ्यापलीकडे होती, पावसात ओढा उतरायचा नाही, आणि दुसऱ्या वर्षी मी गेलेच नाही. लग्नानंतर यांना दूध थंड करायच्या केंद्रावर मशीन चालवायचं काम मिळालं ते इकडे, बुलढाणा जिल्ह्यात. मला नकाशात बुलढाणा कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. दोन खोल्या भाड्याच्या, मागे पाच-सहा हात रुंदीची मोकळी जागा, आणि मग छातीएवढी दगडमातीची भिंत. त्या जागेत घराच्या कडेला मी माहेरून आणलेलं अळू लावलं होतं. भिंतीला लागून पलीकडे मावशींची न्हाणी. न्हाणीचं पाणी जिथे मुरायचं तिथे ते फूल होतं.

लांब पट्ट्यांसारखी पानं, आषाढात मधून अंगठ्याएवढा जाड दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पांढरी भोंग्यासारखी फुलं. प्रत्येक पाकळीच्या मधोमध गुलाबी रेघ. संध्याकाळी उघडायचं आणि वास भिंत ओलांडून आमच्या खोलीत यायचा. मोबाइलवर शोधलं तर रानातली लिली म्हणून दाखवतं. कुणी नागदवणा म्हणतं. मावशी म्हणतात नाल्यावरचं फूल. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. त्या गावाच्या नाल्याकाठी ही फुलं ढिगानं होती म्हणे. गाव सोडायच्या दिवशी लोकांनी चौकटी, पत्रे, कौलं, देव सगळं ट्रॅक्टरमध्ये भरलं आणि मावशींनी एक गड्डा उपटून पाटीत घातला. "सासू म्हने, येडी झाली का वं? लोकं कवेलू नेऊन राह्यले अन् तू चिखल नेतं!" बाकीची सगळी पाण्याखाली गेली. उरला तो भिंतीपलीकडचा एकच गड्डा. हे मला आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

कोकणातून आलेय म्हटल्यावर गल्लीतल्या बायका हसल्या होत्या. मावशींची जाऊ समोरच राहते, पापड-लोणची करून विकते. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्याकडे म्हने भुतं भाड्यानं भेटतात? एखांदं आमच्या सासऱ्याले लाव ना. लई खोकते बुढा!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण मनात म्हटलं, ज्यांना यातलं काही माहीत नसतं ते इतक्या पटकन विषय काढत नाहीत. आईनं निघताना सांगितलं होतं, परमुलखात कुणी दिलेलं एकदम तोंडात घालू नकोस. आणि मावशी तर रोज द्यायच्या. वांग्याची भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कधी ठेचा. वर मुलीकडे बघून रोज एकच प्रश्न, "आज किती डाव झालं हिले?" मुलगी सव्वा वर्षाची. इथे आल्यापासून तिचं पोट सारखं बिघडलेलं. मला वाटायचं, हिला एवढी पंचाईत कशाला? किती वेळा झालं हे मोजून हिला काय करायचंय?

मी वाटी हसून घ्यायची, मागे जायची आणि भाजी अळवाच्या मुळाशी पुरून टाकायची. मग वाटी धुऊन परत द्यायची.

"कशी झाली होती?"

"छान."

तीन आठवडे हे चाललं. अळू मात्र त्या वर्षी काय आलं! पानं सुपाएवढी.

श्रावण संपता संपता एका सकाळी भिंतीच्या माथ्यावर पाच हिरव्या गाठी दिसल्या. लिंबाएवढ्या, वेड्यावाकड्या, गुळगुळीत. फळ म्हणावं तर देठ नाही, बटाटा म्हणावं तर रंग हिरवा. सपाट दगडावर ओळीनं मांडलेल्या. ठेवणाऱ्याचा हात दिसत होता त्यात. मी मुलीला आत नेलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोन गाठींना पांढरा कोंब फुटलेला. खाली माती नाही, पाणी नाही, उघडा दगड. तिसऱ्या दिवशी पाचही गाठींना. पांढरी बोटं बाहेर येऊन दगडावर वाकलेली, काही चाचपत असल्यासारखी. आमच्या बाजूला वाकलेली. मी चार वेळा जाऊन बघितलं, चारी वेळा तसंच वाटलं.

मावशींना विचारायचं होतं. एवढं सोपं होतं ते. पण आमच्याकडे म्हणतात की ज्यानं केलं त्याच्यासमोर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, जोर वाढतो. म्हणून मी काडीनं एक एक गाठ सुपलीत ढकलली आणि गल्लीच्या टोकाच्या नालीत टाकून आले.

संध्याकाळी मावशी भिंतीवरून डोकावल्या. "भितीवरचं कोनं नेलं वं?"

"मला नाही माहीत."

"वांदरं आले असतीन," त्या म्हणाल्या. पण नजर भिंतीवरून माझ्यावर आली आणि जरा थांबली. ती नजर मी रात्रभर चघळत बसले.

चार-पाच दिवसांनी पुन्हा तीन गाठी. त्याच दगडावर, त्याच ओळीत. म्हणजे टाकलेलं परत आलं. आता हात लावायची माझी छाती झाली नाही. यांना बोलावून दाखवलं.

"अगो, बटाट्यासारखं काहीतरी दिसतंय. कोंब आलाय."

"पाण्याशिवाय कोंब येतो?"

यांनी डोकं खाजवलं. "मशीनमधलं काही विचार, सांगतो," म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

मग मी मीठ काढलं. माहेराहून खड्याच्या मिठाची गोणी आणली होती, लोणच्या-माशांसाठी. पातेलंभर पाण्यात ओंजळ-ओंजळ मीठ विरघळवायचं, मोहरी टाकायची, मुलीवरून उतरायचं आणि भर दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना, भिंतीवर ओतायचं. वरून ओतायचं, अलीकडे ओतायचं, आणि टाचा उंचावून पलीकडेही. मूळ तर पलीकडेच होतं ना! असं पाच दिवस केलं.

त्याच आठवड्यात मावशी एकदा सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या. न विचारता मोठं भांडं उचललं, पाण्यानं भरून गॅसवर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. "माह्या भाजीवर इश्वास नाई तं नसू दे. पानी तरी उकळून पाज लेकराले. हे बोअरचं पानी नव्या मानसाले बाधते." मी चपापले. म्हणजे भाजी खात नाही हे हिला कळलंय. कसं कळलं? कोण सांगतं हिला? पाणी मात्र मी उकळायला लागले, कारण त्या रोज येऊन भांड्याला हात लावून बघायच्या. मुलीचं पोट आठवड्यात थांबलं. आणि मी काय समजले? मिठाचा गुण आला. म्हणून आणखी चार दिवस ओतलं.

पलीकडची पानं आधी टोकाला पिवळी पडली. मग पट्टेच्या पट्टे मऊ होऊन जमिनीवर लोळले. मावशींनी खालची माती मोकळी केली, राख टाकली, न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवलं. मी भिंतीच्या अलीकडून कपडे वाळत घालत हे सगळं ऐकत होते. त्या पुटपुटत होत्या, "काय झालं तुले? काय होऊन राह्यलं?" माणसाशी बोलावं तसं. तेव्हाही मला वाटलं, बघ, बोलते त्याच्याशी.

एका सकाळी त्यांनी भिंतीजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. इकडे भाजीपाला पिकवणारे विहिरीचं पाणी आणि नवं वावर असं चाखून बघतात, ते मी पुढे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते. त्या थुंकल्या, दुसरीकडची चिमूट घेतली, तीही चाखली. मग उभ्या राहून ओरडल्या.

"मीठ! कोनं तरी मीठ टाकून मारून राह्यलं याले!"

मी वाळत घातलेल्या चादरीआड सरकले. तेवढ्यात त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. मीठ कुणाच्या घरात ओतण्याइतकं? जावेच्या. लोणच्याचा खार, पापडाचा खार. शिवाय दोघींचं न्हाणीच्या पाण्यावरून आधी वाजलेलं होतं. त्या तडक समोर गेल्या. तोंडातोंडी अख्ख्या गल्लीनं ऐकली. संध्याकाळपर्यंत दोन घरांतलं बोलणं बंद. जावेची लेक रोज मावशींकडे वेणी घालून घ्यायला यायची, तीही येईना.

मी तीन दिवस गप्प राहिले. या तीन दिवसांबद्दल मला आजही काही सांगता येत नाही. भीती वाटत होती एवढंच. कळलं तर घरमालक खोल्या खाली करायला लावेल, यांची नोकरी जाईल, असं एकातून एक. आणि आत कुठेतरी अजून वाटत होतं की माझं काय चुकलं? सुरुवात कुणी केली?

चौथ्या दिवशी मावशी आल्या आणि त्यांनी माझा हातच धरला. "तू तं दिवसभर भितीजवळच असतं. तू पाह्यलं असशीन तिले. चाल, तिच्या तोंडावर सांग."

"मी काही नाही पाहिलं मावशी."

"घाबरतं काऊन? मी हावो ना."

ओढतच नेलं. जाऊ ओट्यावर पापड लाटत होती. हात कोपरापर्यंत पिठाचे. वर न बघताच म्हणाली, "आनला का साक्षीदार? कोकनातून आनला वाट्टे."

"बोल," मावशी मला म्हणाल्या.

जावेनं लाटणं बाजूला ठेवलं आणि वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं होतं ती तोंडाळ बाई रडत नसेल.

"मी ओतलं," मी म्हणाले. "मीठ मी ओतलं."

जाऊ हसायला लागली, रडवेल्या तोंडानंच. "घ्या! मीठवाली तं तुमच्याच बगलेत निघाली, जाऊबाई! अन् मी फुकट शिव्या खाल्ल्या!"

मावशींनी माझा हात सोडला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ माझ्या मागच्या जागेत गेल्या, भिंतीवर टेकल्या आणि एवढंच विचारलं, "काऊन?"

मी गाठींचं सांगितलं. पाच, मग तीन. पांढरी बोटं. टाकलेलं परत आलं. सांगता सांगता माझ्याच कानांना ते कसंतरी ऐकू यायला लागलं.

"करनी?" मावशी म्हणाल्या. "मी? करनी? सकाळी पाच वाजता वावरात जातो मी. वांगे तोडू का करनी करू? टाईम कुठी हाय माय मले?" आणि मग सांगितलं. त्या गाठी म्हणजे त्या फुलाच्या बिया. फूल गेलं की दांडा वजनानं आडवा होतो आणि अशा बिया धरतो. इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात त्या लगेच पुरल्या तर सडतात. म्हणून आधी उघड्यावर ठेवायच्या. या बीला पाणी लागत नाही, अंगातल्या ओलीवरच मूळ काढते. मूळ बोटभर झालं की मग माती द्यायची. अंगणात ठेवल्या की कोंबड्या टोचतात, म्हणून भिंतीवर. "नाल्यावर असंच पाह्यलं व्हतं मी. गोट्यावर पडूनच फुटत."

मग म्हणाल्या, "आपल्या दोघींच्या भितीवर काऊन ठेवले, पुसलं नाई तू? पाचातले दोन तुह्येच व्हते."

त्यानंतर मी रडले की काय ते सोडून देते. रडण्यानं मीठ उतरत नव्हतं. मावशींनी पदर खोचला आणि कुदळ आणायला सांगितली.

गड्डा खूप खोल असतो. वर दिसतं त्याच्या कितीतरी खाली, लांब मानेखाली मोठ्या कांद्यासारखा. दोघींनी खणून काढला तेव्हा वरची सालं चिखलासारखी निसटली. मधला मोठा कांदा हाताला मऊ लागला. मावशींनी त्याचा वास घेतला आणि बाजूला ठेवला. पण त्याच्या अंगाला चार पिल्लं चिकटलेली होती. दोन सडलेली, दोन टणक. त्यांनी ती दोन साध्या पाण्यानं तीन वेळा धुतली, विळ्यानं सडका भाग काढला, राख लावली आणि सावलीत ठेवली. भिंतीवरच्या तीन बिया सुकून खारकांसारख्या झाल्या होत्या. मग टाकलेल्या पाच शोधायला मी नालीत उतरले. प्लास्टिक, केस, भाज्यांची देठं. जाऊ वरून बघत होती, "मीठवाली आता नालीवाली झाली व माय!" म्हणत होती, पण थोड्या वेळानं तीही साडी खोचून उतरली आणि एक बी तिलाच सापडली. चिखलात अर्धी रुतलेली, मूळ धरून जिवंत.

दोन पिल्लं आणि एक बी. मावशी ती पाटीत घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूची माती खारी झालेली. मला वाटलं, आता त्या वावरात नेतील, माझ्यापासून लांब. त्यांनी भिंतीवरून माझ्या अळवाकडे बोट दाखवलं.

"इथं लावू."

"माझ्याकडे? मावशी, माझ्याकडे कशाला?"

"जिमिन चांगली दिसून राह्यली तुही. अळू पाह्य कसं हाय." मग तिरकं बघून, "तीन हप्ते माही भाजी खाल्ली त्यानं."

अळू काढलं आणि तिथे ती तिन्ही लावली. आणि खरं सांगते, एवढं सगळं झाल्यावरही माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मावशी रोज सकाळी यायच्या, मातीला हात लावायच्या, जायच्या. मला वाटायचं, माझ्यावर नजर ठेवायला येतात. माझ्याच अंगणात मुद्दाम लावलंय, मेलं तर दुसऱ्यांदा माझ्याच नावावर जावं म्हणून. कुणी आपलं एवढं नुकसान करणाऱ्या बाईच्या हातात उरलंसुरलं देतं का? मी असते तर दिलं नसतं. म्हणून मला ते पटत नव्हतं.

दिवाळीनंतर पानं सुकून गेली. ती जायचीच असतात, गड्डा उन्हाळाभर खाली झोपतो, हे मावशींनी आधीच सांगितलं होतं. तरी मी दर दोन दिवसांनी बोटानं उकरून बघायची, कांदा टणक आहे ना. एकदा मावशींनी पकडलं. "अंडे ठेवले का तिथं? उबवून राह्यली का? सडवशीन ना, मेले!" मी हात मागे घेतला. मग त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मीबी पाह्यतो उकरून. तू धुनं धुवाले जातं तवा." मला जरा वेळानं समजलं. त्या माझ्यावर नजर ठेवायला येत नव्हत्या. माझ्यासारख्याच घाबरलेल्या होत्या.

त्या दिवशी त्यांच्या वाटीतली भाजी मी त्यांच्यासमोर खाल्ली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. "कशी झाली?" विचारलं तर मी "लई तिखट" म्हणाले. "आता खरं बोलली," म्हणाल्या.

आता तिसरा पावसाळा चालू आहे. दोन्ही पिल्लांची मान अंगठ्याएवढी झालीय. बियेचं रोप अजून पेन्सिलीएवढं, पण दर वर्षी एक पान जास्त काढतं. फूल आलेलं नाही. मावशी म्हणतात बियेवरचं आणखी दोन-चार वर्षं येणार नाही, पिल्लं कदाचित पुढच्या वर्षी देतील, कदाचित नाही. जाऊ अजून मला मीठवालीच म्हणते आणि तिची लेक आता माझ्या मुलीची वेणी घालते. यांच्या बदलीचं मध्ये बोलणं निघालं होतं, गावाकडच्या बाजूला. पूर्वी हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी पेटी भरली असती. या वेळी यांना म्हटलं, फूल येईपर्यंत मला विचारू नका.

अजूनही मी सकाळी उठून आधी मागे जाते. पान जरा पिवळं दिसलं की माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवते. मावशींना हे लिहिलेलं वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवील तेव्हा त्या नुसत्या "हाव" म्हणतील. तरी लिहून ठेवते. मावशी, तुमच्या न्हाणीजवळची माती आपण दोघींनी दोन पावसाळे धुतलीय, ती पुरती गोडी झाली की या तिघांना जेवढी पिल्लं होतील ती सगळी मी तिथे स्वतःच्या हातानं लावून देईन. माझ्याकडे एकच ठेवीन, तेही तुम्ही द्याल तर. कितीही वर्षं लागली तरी, आणि मला कुठूनही यावं लागलं तरी.